ज्याचं नाव, त्याच्याच हातात

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी लिहावंसं वाटलं नाही, कारण तुमच्याशी भांडण असं काही राहिलं नव्हतं. आता आहे.

मी मुंबईच्या एका टपाल संग्रहालयात काम करते. यंदा वर्षभर आम्ही प्रदर्शन घेऊन बाहेर फिरलो, कारण लोक आपण होऊन तिकिटं बघायला येत नाहीत. शाळा, वाचनालयं, काल्हेरच्या नव्या इमारतींमधले हॉलसुद्धा. तिकिटांच्या चौकटी लावायच्या, मुलांच्या हातात भिंग द्यायचं, प्रत्येकाकडून एक पोस्टकार्ड लिहून घ्यायचं आणि सोबत नेलेल्या लाल पेटीत टाकायला लावायचं. शेवटी मी तुमची गोष्ट सांगायची. भिवंडीतल्या नारपोलीच्या बीटवरचा पोस्टमन. यंत्रमागावरच्या कामगाराचं पत्र मुकादमाकडे ठेवून कधी आला नाही. माणूस शिफ्टवर असला तर शिफ्ट सुटायच्या वेळी परत जायचा आणि म्हणायचा, ज्याचं नाव, त्याच्याच हातात. माझा आवाज मोठा नाही, पण या गोष्टीला मुलं गप्प होत. साहेबांनी तर ते वाक्य फलकावर लिहून घेतलं.

दिवाळीनंतर प्रदर्शन भिवंडीत लागलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसात टपाल छाटायला असणारे काका नातीचा हात धरून आले. फलक वाचला, मला ओळखलं आणि मोठ्यानं हसले. "काय गो बाय, तुज्या बाबाकडं माजे पेढे राहिलेत, ठाव हाय का तुला?"

"कसले पेढे, काका?"

"तुजेच. पुन्याचं पाकीट आलेलं ना, नर्सिंगचं? मीच त्याच्या हातात दिलं. माज्यासमोर फोडलंन त्यानं. बोलला, पोरगी घेतली त्यांनी. म्हटलं, मग पेढे काढ. उद्या, बोलला. उद्या उद्या करत गेला तो." मग नातीकडे वळून म्हणाले, "ही मोठी नर्स झालेली हाय." मी त्यांना चहा दिला. नर्स झाले नाही, हे सांगितलं नाही.

बाबा, तुम्ही ते पाकीट फोडलंत. माझ्या नावाचं. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, धाकटे दोघे शाळेत होते, स्वयंपाक माझ्याकडे होता, हे सगळं मला समजतं. तुम्ही "जाऊ नकोस" म्हणाला असता तर मी गेले नसते, हेही तुम्हाला माहीत होतं. पण तुम्हाला ते म्हणायचं नव्हतं. मी तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे, तुम्ही मोरीत पाय धुऊन आत येता, मी मान वर न करता विचारते, "आलं का?" आणि तुम्ही टॉवेलनं पाय पुसत म्हणता, "न्हाय आलं गो." असं महिनाभर. त्यातल्या कुठल्या दिवशी ते आलं होतं? त्या दिवशीही तुमचा आवाज तसाच होता का? मला आठवत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. त्याच सुमारास तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलंत. मी समजले, माझी निराशा बघवली नाही म्हणून आणलं असेल. शेजारणींना दाखवून आले.

काका गेल्यावर चार दिवसांनी नारपोलीच्या शाळेत कार्यक्रम होता. ही गोष्ट आज सांगायची नाही असं ठरवून गेले होते, पण बाईंनीच मुलांना आधी सांगून ठेवलं होतं. सांगावी लागली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, उन्होंने कभी किसी का खत रखा नहीं? एक भी?"

"कभी नहीं," मी म्हणाले. "एक भी नहीं." तुम्ही "न्हाय आलं" इतक्या सहज कसं म्हणत होता, ते मला तेव्हा कळलं. परत येताना गाडीत मी फलक उलटा करून ठेवला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. फाडणारही नाही, कपाटात राहील. पण तुमच्यावर एवढं लिहिल्यावर माझंही एक लिहायला हवं. पोस्टमनची मुलगी होते मी. पत्र आलं नाही तर काय करायचं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. पुण्याला एक कार्ड टाकून विचारता आलं असतं. कोरी कार्डं घरात पडलेली असायची. मी टाकलं नाही. घर सोडून एवढ्या लांब एकटीनं राहायची मला भीती वाटत होती. तुम्ही "न्हाय" म्हणालात की मला रडू यायचं, हे खरं आहे. पण त्याआधी क्षणभर मला बरं वाटायचं.