निळ्या वाडग्यातलं सूप

१४ मार्च

धाकटे,

बरी असशील. पत्रास कारण असं की फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस आणि नेटवरच्या तुझ्या 'छोटे शोध' पानावरही. पोस्टमन तेवढा कुणाला बंद करत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

इकडे ठीक. दुकानात डोळे तपासायचं नवं मशीन आलंय. मालक रोज आधी स्वतःचेच डोळे तपासतात आणि नंबर वेगळा आला की मशीनला शिव्या घालतात. मी आहे तिथेच, मागच्या टेबलावर. वाकड्या काड्या सरळ करायच्या, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, कुणी चष्म्यावर बसून आलं असेल तर त्याचं रडगाणं ऐकायचं. दुकान सुटलं की अजूनही पाय भरभर पडतात. कोपऱ्यावर आल्यावर लक्षात येतं की आता घाई कसलीच नाही. मग मी मुद्दाम हळू चालते.

स्वयंपाकघरातला नळ बदलून घेतला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलंय.

मागच्या रविवारी एक बाई घरी आल्या. पन्नाशीच्या असतील. एका हातात विणलेली शाल, दुसऱ्या हातात घरी केलेल्या सफरचंदाच्या जॅमची बरणी. जिने चढून धाप लागली होती, पण चेहरा कसा उजळलेला.

"आई आहेत ना घरी?"

मला वाटलं, दार चुकलं. म्हटलं, "कुणाच्या आई?"

"अहो, 'छोटे शोध'वाल्या! त्यांच्या खिडकीच्या फोटोत समोरच्या घड्याळजीची पाटी दिसली. ती नेटवर शोधली आणि आले. त्यांना न सांगता आले, रागावणार नाहीत ना? आणि तुम्ही त्या मदतनीस ताई! बघताक्षणी ओळखलं."

"कोण मदतनीस?"

"वाचलंय ना तुमच्याबद्दल. तुम्ही घाईघाईत भरवता, मग आई रुसून बसतात, मग त्यांची मुलगी येऊन समजूत काढते. फार गोड लिहितात त्या."

मी दाराची कडी धरून उभी होते. फार गोड लिहितेस तू, खरंच.

मी म्हटलं, "आई गेली हो. नोव्हेंबरात गेली."

त्या हसल्या. "काहीतरीच काय! काल सकाळीच तर त्यांनी गाजराचं सूप घेतलं." आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

निळा वाडगा होता. काठाला टवका उडालेला. आई गेल्यावर तू दोन दिवसांसाठी आलीस, तेव्हा आठवण म्हणून नेलेला. तू तो ओढणीत गुंडाळलास तेव्हा मला बरं वाटलं होतं, हिलाही काहीतरी हवंय आईचं म्हणून. फोटोत त्यातून वाफ येत होती.

कोण प्यायलं ते सूप, धाकटे?

त्या बाईंचा माझ्यावर विश्वास बसेना. शेवटी आत नेऊन भिंतीवरचा आपल्या तिघींचा फोटो दाखवला. मधे आई, एका बाजूला तू, एका बाजूला मदतनीस. तेव्हा कुठे त्या खाली बसल्या, आईच्याच पलंगाच्या कडेवर. शाल मांडीवर तशीच.

त्यांच्या वडिलांनाही आईसारखाच झटका आलाय. तसंच अर्धं अंग लुळं, तोच घशाचा त्रास. खायला तोंड उघडत नाहीत. म्हणाल्या, "मी त्यांना रोज तुमच्या आईंचा फोटो दाखवते. बघा बाबा, त्याही तुमच्यासारख्याच आहेत आणि त्या खातायत, तुम्हीही खा. मग ते दोन घास घेतात. आज जाऊन काय सांगू त्यांना?"

मी पाणी आणून दिलं. उत्तर तुला सुचतं का बघ. तुला सुचतं.

तू म्हणशील, ताई कधीच काही बोलली नाही आणि आता भांडतेय. नाही बोलले, खरंय. डॉक्टरांनी आईचं मीठ बंद केलं आणि सगळं अळणी म्हणून ती थुंकायला लागली, तेव्हा सुपात लिंबाचे थेंब घातले तर खारटपणा आहेसा वाटतो, हे मला कळलं ते माझ्या स्वतःच्या ताटात चुकून लिंबू पिळलं गेलं म्हणून. चमचा आधी गार पाण्यात बुडवला की तिची जीभ जागी व्हायची. पांढऱ्या भांड्यात बटाट्याचा लगदा तिला दिसायचाच नाही, निळ्यात दिसायचा. चष्म्याच्या दुकानात बसून एवढं तरी कळायला हवं होतं मला, पण ते उमगायलाही किती दिवस गेले. मग नेटवर कुठल्या तरी लांबच्या देशातल्या म्हातारीचा व्हिडिओ सापडला. प्रत्येक घासाआधी ती एकेका माणसाचं नाव घेते. त्यांच्यात तशी रीतच आहे म्हणे. खरंखोटं कोण जाणे. आईला तो खेळ भलताच आवडला. पहिला घास कायम तुझ्या नावाचा.

हे सगळं मी तुला रोज कळवायचे, कारण आईच सांगायची, "धाकटीला कळव." तू ते पानावर टाकायला लागलीस. 'आज आईने आणि मी शोध लावला.' मी आईला वाचून दाखवायचे. ती डोळे पुसून म्हणायची, "बघ गं, किती करते ती माझ्यासाठी." तेव्हा चमचा माझ्या हातात असायचा. मी म्हणायचे, "हो ना. तोंड उघड." तिला त्यातून आनंद होता, मग मी कशाला तोंड घालू?

पण आई गेल्यावरही तिथे आई जेवत राहिली. महिनाभर वाट पाहिली, वाटलं, हिला लिहायला जड जात असेल. मग खाली तीन शब्द लिहिले, 'आई आता नाही.' तू ते पुसलंस आणि मला बाहेर काढलंस. आता त्या बाईंकडून कळलं की नुसतं बाहेर नाही काढलंस, कामालाही लावलंस.

माझं नाव कुठे घालू नकोस. शोध तुझे म्हण, माझी हरकत नाही. पण आई गेली हे लिही. केव्हा गेली, तेही लिही. कुठल्या कुठल्या घरांतली माणसं तिच्याकडे बघून तोंड उघडतायत.

तब्येत सांभाळ.

तुझी,
ताई


२ एप्रिल

धाकटे,

तुझी चिठ्ठी पोचली. 'ताई, मी सगळं नीट करते.' एवढंच होतं तिच्यात, पण मला रडू आलं. वाटलं, काही झालं तरी आपली धाकटी आहे, समजलं तिला. दुकानातून येताना फुलं आणून आईच्या फोटोपुढे ठेवली, इतकी मी मूर्ख.

काल त्या जॅमवाल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही वाचलंत का? मी वाचून दाखवते." मी म्हटलं, "दाखवा." आजवर मी आईला वाचून दाखवायचे, आता मला परकी बाई वाचून दाखवते.

'काल पहाटे आई गेली. तिचा हात माझ्या हातात होता.'

काल! नोव्हेंबरात गेलेली आई तू मार्चच्या शेवटी पुन्हा मारलीस. पहाटेसुद्धा नव्हती गं, टळटळीत दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न धरून बसलं होतं आणि मी खिडकी लावायला उठले होते. हात माझ्याही हातात नव्हता. तू फोन उचलत नव्हतीस, म्हणून माझ्या हातात फोन होता. आई विचारत होती, "आली का धाकटी?" मी म्हणत होते, "निघालीय, येईलच." तू निघाली नव्हतीस. पुढच्या आठवड्यात बघते म्हणाली होतीस.

इथवर मी ऐकून घेतलं. म्हटलं, असू दे, माणसाला असावंसं वाटतं तिथे, नव्हतं तर लिहून तरी असावं. पण पुढे त्या बाई वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, "ताई, पुढचं वाचू की नको?"

'शेवटी आई माझ्याकडे बघून म्हणाली, आता तू जेवून घे.'

हे तुला कुणी सांगितलं, ते तुला माहीत आहे. त्याच संध्याकाळी, तू अखेर फोन उचललास तेव्हा, मी हुंदके देत सांगितलं. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं आणि ते तिला कसं कळलं कोण जाणे. तिने वाडगा हाताने बाजूला सारला. माझ्याकडे बघितलं. तुझ्या नावाचा घास नाही, तुझी चौकशी नाही. म्हणाली, "आता तू जेवून घे." मी उठून खिडकी लावली आणि वळले, तोवर झालं होतं.

त्या आजारपणात दुकानाचे तास सोडले तर मी कायम तिच्यापाशी होते. त्यात मला उद्देशून, माझ्यासाठी म्हणून ती बोलली असेल ते एवढंच. बाकी सगळं होतं धाकटीला कळव, धाकटीचं वाच, धाकटी आली का.

आता हजारो माणसं ते वाक्य एकमेकांना पाठवतायत. बाई म्हणाल्या, कुणी त्याचं चित्रही केलंय, खाली तुझं नाव घालून. चारचौघांत मी कधी ते म्हटलं, तर लोक म्हणतील, तुम्हीही वाचलंत वाटतं.

बाई चिडल्या होत्या. "मी खाली खरं काय ते लिहू का? ते वाक्य तुम्ही मला मी घरी आले त्याच दिवशी सांगितलं होतंत, मी साक्षीदार आहे." मी नको म्हटलं. तुझ्यासाठी नव्हे. तिकडे चार दिवस तुला शिव्या पडतील, चार दिवस मला, आणि आईच्या मरणाची परक्या माणसांत ओढाताण होईल. तिचं एवढं झालंय तेवढं पुष्कळ झालं. त्यांच्या वडिलांचं विचारलं, तर म्हणाल्या, त्यांच्यापासून त्यांनी हे लपवलंय. जुनेच फोटो दाखवतात. खातात ते थोडंफार.

तू लिहिलंस ते काढून टाक, असंही मी म्हणणार नाही. काढून ते माझं परत होणार नाही. तुला असं वाटत असेल की ताई शांत झाली की येईल फोन. येणार नाही. आता घराच्या चाव्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक खालच्या काकूंकडे, कुलूप बदललंय. आईचे कपडे मी देऊन टाकले. तुला फोटो काढण्यासारखं इथे आता काही नाही.

वर धाकटे लिहिलं, ते सवयीने. खोडत नाही.

आईची
थोरली