वाढीचं दुखणं

प्रिय धाकले,

“वाढीचं दुखणं आहे पोरा, उंच होशील,” हे आईचं वाक्य मला अजून ऐकू येतं. तू तेव्हा झोळीत होतीस. ओहोळात डुंबून, खेकडे पकडून आपला भाऊ हिरू घरी आला की त्याचे गुडघे सुजायचे. कुडाला टेकून कण्हत बसायचा. आई मोहाचं तेल कोमट करून चोळायची, आणि दुखणं उतरलं की त्याला मेढीच्या खांबाला पाठ लावून उभा करायची. डोक्याशी कोळशाची रेघ मारायची. तो टाचा उचलायचा, आई पायावर चापट द्यायची, “लबाडा, टाच खाली!” रेघा मात्र एकीला एक चिकटूनच राहायच्या. “तुझं दुखणं फुकट गेलं रे,” मी चिडवायचे. “पुढल्या खेपेला बघ,” तो म्हणायचा. पुढल्या थंडीत तो गेला. एवढी वाढ त्याच्या अंगाला झेपली नाही, असं आई आलेल्या-गेलेल्यांना सांगत राहिली. सायवनला घरकुल बांधलं तेव्हाही तिनं ती मेढ तुझ्या नवऱ्याला, सुदामरावांना, टाकू दिली नाही, ओटीवर उभी करून घेतली.

इथे डहाणूत आमच्या शाळेत मागच्या महिन्यात सिकलसेलची तपासणी झाली. पोरं सुईला घाबरत होती, म्हणून आधी बाईंनी, म्हणजे मीच, हात पुढे केला. माझ्या रक्तात तो निघाला. अर्धाच, त्याचा त्रास नसतो. पण आई आणि बाप दोघांकडूनही आला, तर रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात. मग सांधे ठणकतात, थंड पाण्यानं तर जास्तच. मी डॉक्टरबाईंना हिरूचं सांगितलं, रेघांसकट. त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाचे सांधे दुखतात का.

आता हा आजार मुळातूनच बरा करणारे उपचार परदेशात निघालेत, आपल्याकडेही संशोधन चाललंय. तेवढं थांबायलाही नको. रोज घ्यायची गोळी आहे, पाणी भरपूर प्यायचं, गारठ्यात जपायचं. वेळेत कळलं तर पोरं मोठी होतात गं, धाकले.

परवा फोनवर तू हसत म्हणालीस, “संगीबाय, रोशनी ओहोळावरनं आली का गुडघे धरून बसते. आई म्हणते, वाढीचं दुखणं. मेढीवर तिचीपण रेघ मारली.” तेव्हापासून हे पत्र मनात लिहितेय. कदाचित काहीच नसेल. तरी तुझ्या लेकीला घेऊन डहाणूला ये, तिचं रक्त तपासू. तू नाही म्हणशील, मला ठाऊक आहे. सुईच्या भीतीनं नाही. रोशनीच्या दुखण्याला नाव मिळालं, तर हिरूच्या दुखण्यालाही मिळेल, आणि त्या रेघा रोज बघणाऱ्या आईला ते कोणी सांगायचं, असं तू विचारशील. आईला म्हण, संगीनं चिकू खायला बोलावलंय. पण ये. रोशनीची दुसरी रेघ मारायच्या आत ये.

तुझीच,
संगीबाय