झुंबरची हजेरी

९ जानेवारी १९७३, मंगळवार

आज सिस्टर साळवे भर वर्गात आल्या. खांद्याला दवाखान्याची पिशवी, पाय धुळीने पांढरे. मला व्हरांड्यात बोलावलं. "तुमच्या दुसरीतली झुंबर. परवा लस टोचायला घरी गेले तर पाठीवर डागल्याच्या खुणा. चुलती म्हणते कावीळ झाली होती, म्हणून डागलं. मला नाही पटत. शाळेत येते ना?"

मी हजेरीपट उघडून दाखवला. रोज हजर.

"रोज तुमच्या डोळ्यांसमोर आहे ना, मग काळजी नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

झुंबर दिवाळीपासून शाळेत आलेली नाही!

१० जानेवारी, बुधवार

कारण लिहून ठेवते, उद्या पुन्हा स्वतःला फसवायला नको. दुष्काळ. निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला, नाहीतर खडी फोडायला गेली. पट घसरला की दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते — म्हणजे माझी. आमचे हेडमास्तर मच्छिंद्र गुरुजी म्हणाले, "हजेरी मांडून टाका, विजयमालाबाई. सगळीकडे चालतं." मांडली. तेवीस पोरांची. त्यातली बावीस आईबापांजवळ तरी आहेत. झुंबरला आई नाही, बाप आसाराम राहात्याकडे ऊस तोडतोय, आणि पोर चुलतीकडे.

उद्या जाऊन बघते.

११ जानेवारी

नाही गेले.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

तिळगुळाचं निमित्त करून गेले. सरळ जायची छाती नव्हती. लंकाबाई, तिची चुलती, हसत पुढे आली. यंदा गुळाची एवढी बोंब, तरी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. झुंबर कुठंय विचारलं.

"ती व्हय? गेली आसंल हिंडत. लई वांड पोर हाय, बाई. ऐकतच न्हाई."

आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. आतून खोकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मी वळून बघितलं.

"शेरडू बांदलंय," लंकाबाई म्हणाली.

मी तिळगूळ खाल्ला, गोड बोलले आणि घरी आले. शेरडू असं खोकतं होय! कुणब्याची लेक मी. मला शेळीचा आवाज कळत नाही?

१५ जानेवारी, सोमवार

आजही मांडली. हजर.

१८ जानेवारी, गुरुवार

त्या खुणा सिस्टरांच्या डोक्यातून जाईनात; त्यांनी पिच्छाच पुरवला, म्हणून चावडीत बसलो. त्या, ग्रामसेवक, पोलीस पाटील रंगनाथराव, गुरुजी आणि मी. सिस्टर म्हणाल्या, सगळे मिळून जाऊ, पोर बघू. पाटील कचरले. "भावकीतलं घर हाय. बाईंच्या कागदात पोर रोज शाळंत हाय, मग कुनाचं दार कशाला वाजवायचं? काय बाई, येती ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुजी तेवढे आढ्याकडे.

"येते," मी म्हणाले.

थू माझ्या जिंदगानीवर!

१९ जानेवारी, शुक्रवार

रात्रभर डोळा लागला नाही. उजाडताच सिस्टरांच्या खोलीवर गेले. त्या स्टोव्ह पेटवत होत्या. म्हटलं, "ती येत नाही. दिवाळीपासून. हजेरी खोटी आहे." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी स्टोव्ह विझवला, चपला घातल्या. "चला."

पाटलांपुढे तेच पुन्हा सांगितलं. "मंग काल का न्हाई बोलला?" ग्रामसेवकालाही उठवलं आणि चौघं गेलो.

कडी पाटलांनी काढली. पोर कोपऱ्यात गोणपाटावर पडलेली. अंग तापाने फणफणलेलं, दंडावर ताजे डाग. मी उचलली. आठ वर्षांची पोर, हाताला वजन म्हणून नाही. लंकाबाई दारात ओरडत होती — "माज्याच पोरास्नी पुरंना, हिला कुठनं घालू? भाकरी चोरती, मग डागनार न्हाई तर काय!"

दुष्काळी कामावरच्या जीपमधून सिस्टर तिला जामखेडला घेऊन गेल्या. पोरीने माझा पदर धरला होता, तो मीच सोडवला.

२० जानेवारी, शनिवार

ग्रामसेवक, पाटील आणि मी पुन्हा बसलो. ठरलं — सिस्टर आल्या की दर शनिवारी चौघांनी बसायचं. ज्याने पोर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं त्यानेच त्या पोराविषयी बोलायचं, कागद बघून नाही. मी तेवीसच्या तेवीस नावांपुढे लाल शाईने गैरहजर केलं. गुरुजी माझ्याशी बोलत नाहीत. बदली होईल. होऊ दे! आज जरा मान वर करून चालले.

२२ जानेवारी, सोमवार

सिस्टर परत आल्या. ताप उतरलाय, पोर वाचली.

डॉक्टरांनी तिला विचारलं म्हणे, हाका का नाही मारल्यास? तर म्हणाली, "हाक मारली की चुलती डागती. बाई तिळगुळाला आल्या तवा मुद्दाम खोकले. दोनदा. बाईंनी वळून बघितलं. मंग न्हाई खोकले. बाईंला कळलं हुतं ना!"

रविवार ते शुक्रवार. गप्प बसून माझी वाट बघत होती.