पिवळा झगा माझ्या अंगावर

मी, आयोनी पिनॉक, वय अठ्ठ्याहत्तर, राष्ट्रीय विमान कंपनीची निवृत्त हवाई सुंदरी, राहणार हार्बर व्ह्यू, किंग्स्टन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना करते. याआधीचं रद्द समजावं. ते मी रागात केलं होतं. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. घर भाची मार्व्हाला. व्हरांड्यातल्या माझ्या खुर्चीत माझ्याबरोबर विमानात काम केलेल्या क्लॉडेट ऱ्होडनला बसू देऊ नये.

२. माझे पती कै. नेव्हिल विमानं दुरुस्त करत. त्यांची हत्यारं तंत्रशाळेला द्यावीत. पेटीच्या झाकणाला आतून क्लॉडेटचं पोस्टर चिकटवलेलं आहे. "कंपनीनं ते सगळ्यांनाच वाटलं, मी काय करू?" असं ते म्हणायचे. मी खरवडून पाहिलं, निघालं नाही. पेटीसकट जाऊ दे.

३. पिवळा झगा. न्यूयॉर्कच्या फेरीत जेवणं गरम होईपर्यंत आमच्यातलीच एक जण नवे कपडे घालून विमानाच्या मधल्या वाटेनं मिरवत जाई; कंपनीची ती शानच होती. हा झगा माझ्या मापाने शिवला होता. पण ऐन वेळी आमचे मुख्य म्हणाले, "ओव्हन आयोनीशिवाय कोण सांभाळणार?" मी ट्रे गरम करत बसले, झगा क्लॉडेटनं घातला. त्याच दिवशी फोटोवाला आला होता. पुढे साऱ्या न्यूयॉर्कच्या भिंतींवर माझ्या झग्यात ती! माझा जळफळाट झाला, अजून होतो. कंपनी विकली गेली तेव्हा झगा मी मागून घरी आणला. दर नाताळात ही बाई विचारते, "तो मला ठेवशील ना गं?"

नाही ठेवणार. झगा मला घालावा. शवपेटी उघडी ठेवून चर्चच्या मधल्या वाटेनं सावकाश न्यावी. क्लॉडेटनं मागून रम पंचच्या पेल्यांचा ट्रे घेऊन यावं आणि लोकांना द्यावं.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून पहिली साक्षीदार तीच.

सहीआधी तिला सगळं वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुझ्याच मापाचा होता गं. मला पाठीवर टाचण्या लावून घातला होता. म्हणून सगळे फोटो समोरून."

हे इतक्या वर्षांत आज सांगते! तरी कलम तीन कायम. ट्रे कसा धरायचा ते मी तिला आत्ताच शिकवलं आहे.

सही: आयोनी पिनॉक
साक्षीदार: १. क्लॉडेट ऱ्होडन (ट्रे मान्य)
२. एग्बर्ट लाइटबॉर्न, शेजारी
किंग्स्टन, ३ नोव्हेंबर २०२२