‘हे’ लिहिलेला डबा

६ सप्टेंबर

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तीन आठवडे तुझं पत्र नाही म्हणून मी रागावलो आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणानं लिहिता येईल. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवून हात एवढे दुखतात का, की भावाला चार ओळी खरडता येऊ नयेत?

बातमी अशी, की माझ्या कपाटात एकशे बारावा जबडा आला. आमच्या रस्त्याच्या टोकाला कुलपं दुरुस्त करणारे आजोबा बसतात ना, त्यांचा. वर्षभर मागे लागलो होतो. शेवटी कवळी करून घ्यायला आले. उरलेले सात दात काढण्याआधी ठसा घेऊ द्या म्हटलं, तर म्हणाले की सात दातांत काय बघणार. मी म्हटलं, तुम्ही कुलपात जे बघता तेच. प्लास्टर भरलं, सुकवलं, उलटून टेबलावर ठेवलं आणि ठके, काय सांगू, डाव्या सुळ्याला नखाएवढी अर्धगोल खाच! पन्नास वर्षं दातांत किल्ली धरून दोन्ही हातांनी कुलूप खोललं, त्याची. आजोबांनी स्वतःच तो जबडा हातात घेऊन त्या खाचेवरून नख फिरवलं. मग त्यांनी विचारलं की कपाटात आपल्या शेजारी कोण असणार. शेजारी बँडमधला क्लॅरनेटवाला आहे, पुढचे दोन दात आत गेलेला. शेजार पसंत पडला.

लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, त्यांना कुणी वेडा म्हणत नाही. पण पाहुणे आले आणि मी टेबलावर वीस जबडे मांडून ओळखा पाहू म्हटलं, की चहा गार होईपर्यंत कुणी उठत नाही. गंमत म्हणजे स्वतःचा जबडा एकालाही ओळखता येत नाही. मेहुणेबुवा तर दर वेळी कुठल्या तरी बाईचा उचलतात आणि हा आपलाच म्हणून ठासून सांगतात.

मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार आहेत. नंतर महिनाभर प्रवास नाही, वाकणं नाही, बारीक काम नाही. तेव्हा तुम्हीच दोघं या. मेहुणेबुवांना म्हणावं, नदी चार दिवस स्वतःचं पाणी स्वतः मोजेल.

लोभ आहेच, तो जरा टपालातून दिसू दे.

जगाला दात बसवणारा आणि स्वतः कवळीवर जेवणारा,
दादा


१३ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

रागावलास ते बरोबर आहे. लिहायला बसत होते आणि उठत होते. हे घरी आलेले नाहीत. आज अकरावा दिवस.

दोन तारखेला सकाळी नेहमीसारखे पाण्याची पातळी मोजायला गेले. काठाकाठानं मोजपट्टीचे सात खांब आहेत, तू पाहिले आहेस. सहा खांबांचे आकडे वहीत लिहिलेले आहेत. वही काठावरच्या खोलीत मिळाली, कोरडी, वर दगड ठेवलेला. सातव्या खांबाला होडीनं जावं लागतं. होडी दुसऱ्या दिवशी चार किलोमीटर खाली उलटी सापडली. त्या सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि ह्यांना कळवलं नव्हतं. आता कचेरीत जो तो म्हणतो की कळवायचं काम दुसऱ्याचं होतं.

ह्यांना पोहता येतं. लोक मला हेच सांगतात आणि मीही लोकांना हेच सांगते. शेजारच्या बाई रोज येऊन बसतात. काल बोलता बोलता त्या म्हणाल्या की ह्यांचा स्वभाव फार शांत होता. मी त्यांना आहे म्हणून दुरुस्त केलं, शाळेतल्या मुलीला करावं तसं. त्या गेल्यावर मला लाज वाटली.

तुझ्या कुलूपवाल्या आजोबांचं वाचून हसू आलं आणि हसले म्हणून स्वतःचाच राग आला. डोळ्याला जप. इकडे यायचं डोक्यातही आणू नकोस. हरवलेला नवरा आणि आंधळा भाऊ, दोघांकडे एकदम बघणं मला जमणार नाही.

आशीर्वाद असतातच, या वेळी जरा जास्त लागतील.

तुझी,
ठकी


१७ सप्टेंबर

चि. ठकीस आशीर्वाद, वि. वि.

ओळी तिरक्या जातायत, सांभाळून घे. एक डोळा पट्टीखाली आहे आणि दुसऱ्याला धुकं दिसतं. तुझं पत्र शेजारच्या शिंप्यानं वाचून दाखवलं. अर्ध्यावर त्यानं ते माझ्या हातात दिलं, मग मीच ते नाकाला लावून पुरं केलं.

डॉक्टरांशी भांडलो. ते म्हणतात की बसच्या धक्क्यानं टाके सुटले तर डोळा जाईल. मी म्हटलं जाऊ दे. तर शिंप्यानं माझ्या चपला नेऊन त्याच्या कपाटात कुलूपबंद केल्या.

मेहुणेबुवांचा सगळा जन्म पाण्यात गेला. कुठे तरी खाली काठाला लागले असतील, पाय मोडला असेल, कुणाच्या तरी घरी पडून असतील आणि त्या माणसाला पत्ता सांगताही येत नसेल. मी आज दिवसभर एवढंच म्हणतो आहे. तू जेवत जा. जेवलीस की नाही ते पत्रात लिहीत जा, नुसतं हो लिहिलंस तरी चालेल.

माया आहे, पण आत्ता तिचा काही उपयोग होत नाही याचं वाईट वाटतं.

दादा


२६ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

हो, जेवते.

कालव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. मंगळवारी तिथे एक माणूस अडकलेला सापडला. मला बोलावलं होतं. चेहऱ्यावरून काही सांगता येत नाही. अंगावर कपडे नाहीत. उंची जुळते, पण मध्यम उंचीची माणसं जगात किती असतील, असं मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते तरुण आहेत आणि भले आहेत. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं की ह्यांनी कधी दातांचं काही करून घेतलं होतं का, कुठे काही ठेवलेलं आहे का.

दादा, मी नाही म्हणाले. तोंडातून नाहीच आलं. घरी येईपर्यंत तुझं कपाट डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि खरं सांगितलं.

तेव्हा आता मागते. आमच्या लग्नाच्या वर्षी तू ह्यांचा ठसा घेतला होतास. त्या दिवशी तुझ्या डब्यांवर चिठ्ठ्या मीच लावल्या. सगळ्यांची टोपणनावं लिहिली, पण ह्यांचं नाव लिहायला हात होईना, म्हणून नुसतं ‘हे’ लिहिलं. त्यावरून तू मला आठवडाभर सळो की पळो करून सोडलंस. तो डबा पाठव. पंधरा ऑक्टोबरपर्यंत ते लोक थांबणार आहेत. त्यानंतर नंबर घालून बेवारशांच्या जागेत पुरतील.

तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? डबा सापडत नाही असं तू कळवलंस तर मी तुला दोष देणार नाही. तरी शोध.

तुझी,
ठकी


२९ सप्टेंबर

चि. ठकीस आशीर्वाद.

डबा सापडला. खालच्या फळीवर, अगदी मागे. चिठ्ठीचा कागद कसरीनं बराच खाल्ला आहे, पण तुझं अक्षर आहे, ‘हे’. झाकण उघडलं, कापूस भरला, बंद केलं, वर जाड कागद गुंडाळला. पार्सल डॉक्टरांच्या नावानं न करता तुझ्या नावानं केलं आहे. त्यावर पहिला हक्क तुझा.

इतकी वर्षं हे सगळं जमवलं ते चार माणसांना दाखवून हसायला. असं कुणी मागायला येईल, आणि तेही तू, हे कधी मनात आलं नव्हतं. काल कपाटाला चादर टाकली.

काय निघेल ते लगेच कळव.

दादा


५ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

ते हे नव्हेत! आधी हे वाच आणि मग चष्मा पूस.

परवा पार्सल नेऊन दिलं. डॉक्टरांनी माझ्यासमोर ताडून पाहिलं. त्या माणसाच्या खालच्या ओळीतला एक दात आत वळलेला आहे, तुझ्या जबड्यात तसं काही नाही. दाढा नंतर काढल्या जातात, पण वळलेला दात जन्माचा असतो, असं ते म्हणाले. त्यांनाही बरं वाटलं असावं. मला दारापर्यंत सोडायला आले.

घरी येऊन ह्यांचे कपडे उन्हात टाकले. सायकलच्या चाकांत हवा भरली, एक तर पार बसलं होतं. शेजारच्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं, तर त्याच रडायला लागल्या. दोन्ही वेळा पोटभर जेवले. मी दोन ताटं मांडते, यात वेडेपणा असेल तर असू दे.

आता या विषयावर तू काही लिहू नकोस. एखादा नवा जबडा मिळव, त्याची गोष्ट लिही, लांबलचक लिही. तुझ्या थापा ऐकल्याला फार दिवस झाले.

लोभ वाढवायची सोय असेल तर वाढव.

तुझी,
ठकी


९ ऑक्टोबर

चि. ठकीस आशीर्वाद.

तू लिहू नकोस म्हणालीस तेच लिहितो आहे.

तो आत वळलेला दात मी पाहिला आहे. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचताच ओळखलं. मेहुणेबुवांचा ठसा घेताना तिथेच ठशाचा लगदा अडकला होता. ते हसत होते आणि मी त्यांना ओरडत होतो. कपाटावरची चादर काढली, सगळे डबे खाली घेतले. तिसऱ्या फळीवर आणखी एक डबा मिळाला. चिठ्ठी धड आहे आणि तिच्यावर नुसतं ‘हे’ आहे. आत दात वळलेला आहे.

मग आठवलं. त्याच दुपारी मेहुणेबुवांनी हट्ट करून माझा ठसा घेतला होता आणि तू माझ्या डब्यावर लिहिलं होतंस, ‘हे नव्हेत’. कसरीनं त्यातलं ‘नव्हेत’ खाल्लं. तुला मी माझा जबडा पाठवला, ठके.

डोळ्याचं कारण सांगता येईल, पण पट्टी तेव्हा निघाली होती. बघितलं असतं तर कळलं असतं. मला बघवलं नाही, एवढंच खरं आहे. जन्मभर दुसऱ्यांचे दात निरखले आणि ज्या दिवशी निरखायला हवं होतं त्या दिवशी झाकण लावून मोकळा झालो.

दोन दिवस गप्प बसता येतं का ते पाहिलं. पंधरा तारीख गेली असती आणि तू ताटं मांडत राहिली असतीस. तुझं ते पत्र दहा वेळा वाचलं, किती दिवसांनी तू पोटभर जेवलीस. पण मग तो माणूस नंबर घालून पुरला जाईल आणि तो कोण ते एकट्या मला माहीत असेल. ते मला झेपणार नाही, तुझी शपथ.

मला वाटेल ते बोल, पुन्हा पत्र लिहू नकोस, पण पंधराच्या आत तिथे जा.

तुझा,
दादा


११ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

मला माहीत होतं.

पार्सल उघडलं तेव्हाच कळलं. तुझे दात पडायच्या आधी अठरा वर्षं मी तुझ्यासमोर बसून जेवले आहे. आणि ह्यांचा तो दात खालच्या ओठाआड असतो, कुणाला दिसत नाही, पण मला ठाऊक नसेल का? मी कापूस परत नीट भरला, डबा पिशवीत घातला आणि नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. हा माझ्या नवऱ्याचा, असं लिहून खाली सही केली. त्यांनी जुळत नाही म्हणून सांगितलं आणि तो वळलेला दात दाखवला. मी म्हणाले, नाही, ह्यांना असा दात नव्हता.

तुला लिहिलेलं पत्र खोटं होतं. त्यातला आनंद मात्र खोटा नव्हता, दादा. आठ दिवस हे बाहेरगावी गेलेले होते. मी त्यांची वाट पाहिली, एका पत्राची सोय होऊ नये का म्हणून त्यांच्यावर चिडले, आल्यावर काय काय सुनवायचं ते ठरवलं. तेवढे दिवस मला हवे होते. कुणी दिले नसते म्हणून मी घेतले.

तू गप्प राहिला असतास तर मीही राहिले असते. पंधरा तारीख जाऊ दिली असती. माणसाला आपल्या हातानं बेवारस करायला निघाले होते मी, आणि याची मला आता फार भीती वाटते. तुझ्यावर रागावून पाहिलं, जमलं नाही.

आज सकाळी डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी उठून मला स्वतःची खुर्ची दिली. पण ते म्हणतात की माझ्या नुसत्या सांगण्यावर आता कागद होणार नाही, खरा ठसा लागेल. वीस तारखेपर्यंत मुदत वाढवून घेतली आहे.

पोस्टानं पाठवू नकोस. तुझा महिना काल पुरा झाला, शिंप्याकडून चपला माग आणि ये. पहिल्या बसनं ये, मी स्टँडवर असेन. मला ह्यांना एकटीनं आणायला जायचं नाही.

ठकी