फुटलेला तारा आणि संक्रांतीचं कुंकू

नामदेवाच्या बापास,

ज्या नामदेवाचं तोंड तुमी पाहिलं न्हाई, त्याची आई लिहिते. इतक्या वर्षांत एक ओळ न्हाई आणि आता कशापायी, असं म्हणाल. काम पडलं म्हणून लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंतची, अक्षरं वेडीवाकडी येतील, घ्या चालवून. तुमाला तर तेवढीही येत नव्हती. तिकडं कुणीतरी वाचून दाखवील.

काम असं हाय. तुमची नात सारिका, नामदेवाची थोरली, अंबाजोगाईला कॉलेज शिकली. आता तिला लडाखला बोलावलंय. लई उंचावर, बर्फात, तिथं आभाळ बघायची मोठी दुर्बीण हाय म्हणे. दोन वर्षं राहायचं आणि तारे बघायचे. नामदेवाला विचारलं तर म्हणतो, "आई हो म्हणली तर पाठवतो." भित्रा कुठला. स्वतःची भीती माझ्या पदरात टाकली आणि तलवाड्याच्या बाजाराला निघून गेला. तो माघारी येईस्तोवर मला उत्तर ठरवायचंय.

यंदाही पाऊस न्हाई. श्रावण कोरडा चाललाय. अख्खं गाव कपाळावर हात धरून ढग हुडकतंय, आणि ही एकटी म्हणते, "आज्जी, आभाळ किती स्वच्छ हाय गं."

"हळू बोल बये," मी म्हणलं, "शेजारणीनं ऐकलं तर रिकामी घागर तुझ्या डोक्यात घालील."

हसली. तुमच्यासारखी, एका गालानं. हे तिला कुणी शिकवलं असेल?

परवा टँकरची वाट बघत आमी दोघी हंडे लावून बसलो होतो. तिनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. म्हणली, ही दीर्घिका. सूर्यासारखे अब्जावधी तारे एका जागी गरगर फिरतात. मला तर जात्याभोवती पडलेलं पीठ वाटलं ते, फिरून फिरून बाहेर फेकलेलं. बघायला बरं होतं. मी मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं, इथं काय हाय म्हणून.

"तिथं कृष्णविवर हाय. त्याच्या लई जवळ गेलेलं काही परत येत न्हाई. उजेडसुद्धा न्हाई."

मी बोट काढून घेतलं. हसू नका. तुमी असता तर तुमीबी काढलं असतं.

मग तिनं दोन फोटो शेजारी शेजारी धरले. एकात पिठाच्या कडेला बारीक ठिपका, दिसेल न दिसेल असा. दुसऱ्यात तोच ठिपका दिव्यासारखा पेटलेला.

"हा तारा फुटला, आज्जी. मेला. दुर्बिणीवाले रोज फोटो काढतात आणि कालच्या फोटोशी ताडून बघतात, म्हणून सापडला. मी तिथं हेच काम करणार."

"कधी मेला?"

"कोट्यवधी वर्षांमागं. तिथून उजेड यायला तेवढा वेळ लागतो. आपल्याला आत्ता कळलं."

"म्हणजे हा पहिला फोटो काढला तवाच तो मेलेला होता?"

"हो की."

तेवढ्यात टँकर आला. बाया उठल्या, हंड्याला हंडा आपटला. मी बसूनच राहिले. "आज्जी, ऊठ, पाणी चाललं," म्हणून ती ओरडली तरी मला उठता येईना.

तुमाला ते साल आठवतं? कसं आठवेल, तुमी अर्धंच पाहिलं. असाच दुष्काळ. सोसायटीनं उमापूरच्या अलीकडं जनावरांची छावणी टाकली होती आणि जनावरामागं घरचं एक माणूस लागत होतं. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. मी बैलांपाशी राहिले, पोटात नामदेव, म्हणून तुमी अर्धा कोयता म्हणून एकटेच गेलते. मी म्हणलं होतं, एकटं जाऊ नका. तुमी म्हणला, "बैल सांभाळ, शिमग्याला येतो." बैल सांभाळले मी. तुमचं काय झालं?

पौषात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढताना फळी सरकली आणि तुमी गेला. मुकादमानं बातमी दाबली. टोळी मोडून गावाकडं पळेल म्हणून. तिकडंच सगळं उरकलं आणि कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर टोळी आली, तवा मला कळलं.

मधल्या काळात संक्रांत झाली. छावणीत कडब्याच्या सावलीला मी बायांना बसवलं, हळदीकुंकू केलं. वाण म्हणून मूठमूठ बोरं दिली, दुसरं काय होतं. एकेकीच्या कपाळाला ह्या बोटानं कुंकू लावलं. माझ्या कपाळाला त्यांनी लावलं. तुमच्या नावानं उखाणा घेतला, हसले, बैलांना पाणी दाखवलं. तुमी तवा माती होऊन गेलते.

नंतर त्यातलीच एक बोलली, "रांडव हातानं आमाला कुंकू लावलं हिनं." मी तिला काय ऐकवलं ते इथं लिहीत न्हाई. पण ते बोलणं आत बसलं ते बसलंच.

तवापासून मला शांत दिवसाचं भ्या वाटतं. सगळं नीट चाललंय असं वाटलं की मी कान टवकारते. वाटतं, कुठंतरी काहीतरी होऊन गेलंय, इथवर पोचलं न्हाई एवढंच. नामदेवाला बाजारातून यायला उशीर झाला तरी मी रस्त्याकडं तोंड करून बसते. मग ही पोर बर्फात गेली तर? तिथं दरड पडते म्हणे, फोन लागत न्हाई म्हणे. मी इथं भाकरी थापत असेन, "सारिका जेवली असेल" असं म्हणत असेन, आणि तिकडं... पुढचं लिहवत न्हाई.

म्हणून न्हाई म्हणायचं ठरवलं होतं. खरं सांगते, ठरलंच होतं.

पण आज सकाळी ती कणीक मळत होती तवा विचारलं, "तारा मेल्यावर जो उजेड दिसत होता, तो खोटा होता का गं?"

तिनं हात थांबवला न्हाई. "खोटा कसा? तो निघाला तवा तारा जिताच होता की. वाट लांब हाय, त्याला कोण काय करणार?"

वाट लांब असणं वेगळं. तुमची बातमी वाटेनं अडवली नव्हती हो, माणसानं अडवली होती. आणि मी आजवर वाटेला भीत आले.

इथवर लिहिलं आणि नामदेव आला. पिशवी खाली ठेवायच्या आत विचारतो, "काय ठरलं, आई?"

मी सारिकाला समोर बसवलं. म्हणलं, "जा. पण तिकडं पाय मोडला, ताप आला, काय बी झालं, तर पहिलं मला कळलं पाहिजे. म्हातारी घाबरेल म्हणून एक शब्द दाबायचा न्हाई." ती मान हलवायला लागली. "मान नको हलवू, बोल."

"सांगीन, आज्जी."

"आणि नाम्या, तू? फोन आधी तुला येईल."

त्यानं पिशवी खाली ठेवली. लहानपणापासून त्यानं बापाचं फक्त नाव ऐकलंय. म्हणला, "न्हाई दाबणार."

पोरीनं माझ्या गळ्यात हात टाकले. मी म्हणलं, "सर तिकडं, कणकेचे हात हायत तुझे." नव्हतेच. सकाळीच धुतले होते तिनं.

आता तुमाला एक शब्द देते. मला भ्या वाटणार, ते काय सुटायचं न्हाई. पण भ्याले म्हणून तिला माघारी बोलवणार न्हाई. ते भ्या माझं हाय. छावणीतल्या बैलासारखं इथंच दावणीला बांधीन, चारापाणी करीन, पण सोडून तिच्या मागं लावणार न्हाई.

तुमची,
गयाबाई, नामदेवाची आई