येणारा हात

मंगळवार, संध्याकाळ

आज सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या नातीचा, रेवाचा, कराटेतला पहिला जोडीचा सराव झाला. सर म्हणाले, आज मारायचं नाही, समोरच्याच्या खांद्याला नुसता हात लावायचा. आधी विचारायचं, "रेडी?" आणि डोळे मिटायचे नाहीत. आमच्या बाईसाहेबांनी दर वेळी मिटले.

घरी आल्यावर म्हटलं, "चल, माझ्याबरोबर कर. खाते का मी तुला?" तिने हात पुढे आणला आणि मीच डोळे घट्ट मिटले.

"आजी यार, तू तर माझ्यापेक्षा घाबरट!"

"गप. चष्मा नाही म्हणून."

खोटं बोलले. नवऱ्याने हात उगारला की मी असेच डोळे मिटायचे. तो जाऊन अकरा वर्षं झाली, पण डोळ्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. त्याने कधी विचारलं होतं, तयार आहेस का म्हणून?

रेवाएवढी असताना मला कुणी तसं कराटेच्या चटईवर उभं केलं असतं तर? आता काय, गुडघे गेले. तरी वाटतं, एकदा तरी येणारा हात नीट बघावा.

पुन्हा कर म्हटलं. सातव्यांदा माझा एक डोळा अर्धा उघडा राहिला. केवढासा हात आहे पोरीचा, बोटांना शाई लागलेली.